थंड समुद्रातल्या लाटा आणि त्यांचा माग

भूगोलाच्या तासाला लाटांचा धडा साधारण एका वाक्यात संपतो. वारा पाण्यावरून वाहतो, पृष्ठभागाला घासतो आणि लाटा निर्माण होतात. वाक्य खरे आहे, पण ते अर्धेच आहे. एप्रिल महिन्यात, वाऱ्याची झुळूकही नसताना, गणपतीपुळ्याच्या किंवा गुहागरच्या किनाऱ्यावर बसून पाहिले तर दर पंधरा-सतरा सेकंदांनी एक लांबलचक, सावकाश फुगणारी लाट येते आणि किनाऱ्याजवळ उभी राहून फुटते. एखाद्या चौकस मुलीने विचारले, "सर, वारा तर नाही, मग ही लाट कुठून आली?" तर पाठ्यपुस्तकाच्या वाक्यात तिचे उत्तर नाही. उत्तर रत्नागिरीपासून सात हजार किलोमीटर दक्षिणेला, चाळीस ते साठ अक्षांशांच्या पट्ट्यातल्या थंड महासागरात आहे. ते शोधायला माणसाला दीडशे वर्षांहून अधिक काळ लागला. त्या शोधाचा एक धागा मुंबईच्या कुलाबा वेधशाळेतून जातो, तर दुसरा गोव्यात बांधलेल्या एका शिडाच्या होडीपर्यंत पोचतो.

आज या लाटांची किंमत सर्वांत नेमकी कोणाला ठाऊक असेल, तर ती फळीवर उभे राहून लाटेवर स्वार होणाऱ्या हौशी मंडळींना. सर्फिंग म्हटले की हवाई बेटे, नारळाची झाडे आणि कोमट पाणी डोळ्यांसमोर येते. या खेळाचे माहेर तेच. कॅप्टन कुकच्या तिसऱ्या सफरीतला अधिकारी जेम्स किंग याने १७७९ मध्ये हवाईच्या लोकांचे लाटेवरचे कौशल्य आश्चर्याने नोंदवून ठेवले आहे. पण गेल्या काही दशकांत या खेळातले प्रवासी भलतीकडेच जाऊ लागले आहेत. नॉर्वेतील लोफोटेन बेटांवरचे उन्स्टाड, स्कॉटलंडच्या उत्तर टोकाचे थर्सो, आइसलंड, अलास्कातले याकुटाट अशी ही ठिकाणे. उन्स्टाड तर उत्तर ध्रुववृत्ताच्याही वर, अडुसष्ट अक्षांशांवर आहे. तिथे १९६३ मध्ये दोघा तरुण नॉर्वेजियन खलाशांनी घरी फळ्या बनवून पहिल्यांदा लाटा अंगावर घेतल्या असे सांगतात. किनाऱ्यावर बर्फ, पाण्याचे तापमान पाच-सहा अंश, आणि माणसे हजारो रुपये खर्चून तिथे जातात. वेडेपणा वाटेल. पण त्यात एक तर्क आहे, आणि तो तर्क भौतिकशास्त्राचा आहे.

लाट किती मोठी होणार हे तीन गोष्टींवर ठरते: वाऱ्याचा वेग, तो किती वेळ वाहिला, आणि किती लांबीच्या पाण्यावरून वाहिला. तिसऱ्या गोष्टीला आपण वाऱ्याची धाव म्हणू. सोलापूरच्या सिद्धेश्वर तलावावर ही धाव काही शे मीटरची, म्हणून तिथे कितीही सोसाट्याचा वारा सुटला तरी तरंगांपलीकडे काही होत नाही. उजनीच्या जलाशयावर धाव काही किलोमीटर मिळते आणि गोष्ट गंभीर होते. २१ मे २०२४ च्या संध्याकाळी कुगावहून कळाशीकडे निघालेली प्रवासी बोट वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जण बुडाले. अशा जलाशयातली लाट उंचीने फार नसते, पण ती आखूड आणि उभट असते. तीन सेकंदांच्या लाटेची लांबी जेमतेम चौदा मीटर भरते, म्हणजे छोट्या होडीला एका लाटेतून सावरायच्या आत दुसरी गाठते. धरणाच्या पाण्यावरचा प्रवास हा समुद्रापेक्षा सुरक्षित असतो, ही आपल्याकडची समजूत निराधार आहे.

आता पृथ्वीचा गोल हातात घ्या आणि खालून पाहा. दक्षिण गोलार्धात चाळीस अक्षांशांच्या खाली पश्चिमेचे वारे पृथ्वीला प्रदक्षिणा घालतात आणि छप्पन्न अक्षांशांच्या पुढे तर त्यांच्या वाटेत जमीनच नाही. धाव जवळजवळ अमर्याद. खलाशी या पट्ट्यांना गर्जणारे चाळीस, चवताळलेले पन्नास अशा अर्थाच्या नावांनी ओळखतात. उत्तर गोलार्धातही हाच पट्टा आहे, पण मध्ये खंड येतात. म्हणजे पृथ्वीवरच्या मोठ्या लाटांचे कारखाने थंड समुद्रात आहेत. कोमट समुद्राच्या किनाऱ्यांवर पोचतो तो त्यांचा माल. लाटेचे वेड असलेल्या माणसाने कारखान्याच्या दारातच जाऊन उभे राहावे, यात नवल नाही.

दारात उभे राहायचे तर थंडी सोसली पाहिजे. पाणी उष्णता हवेपेक्षा सुमारे चोवीस पट वेगाने वाहून नेते. पाच अंशांच्या पाण्यात उघडे हात काही मिनिटांत निकामी होतात. यावर तोड काढली ती कॅलिफोर्नियातला भौतिकशास्त्रज्ञ ह्यू ब्रॅडनर याने, १९५१-५२ च्या सुमारास. अणुबॉम्बच्या प्रकल्पात काम केलेला हा माणूस नौदलाच्या पाणबुड्यांसाठी पोशाख शोधत होता. तोपर्यंत सगळ्यांची धडपड अंग कोरडे ठेवण्याची होती. ब्रॅडनरच्या लक्षात आले की अंग ओले झाले तरी हरकत नाही. पोशाखाच्या कापडात हवेचे बुडबुडे कोंडलेले असले आणि आतला पाण्याचा पातळ थर बाहेरच्या पाण्याशी मिसळला नाही, तर तो थर शरीराच्या उबेने तापतो आणि काम भागते. फेसाळ निओप्रीन रबर वापरण्याची सूचना त्याचा सहकारी विलर्ड बॅस्कम याची. हा बॅस्कम म्हणजे लाटा आणि किनारे यांचा नावाजलेला अभ्यासक. लाटांच्या शास्त्रात आणि थंड पाण्यातल्या हौसेत माणसे तीच तीच भेटतात, हे पुढेही दिसेल. सॅन फ्रान्सिस्कोच्या थंड किनाऱ्यावर जॅक ओनील याने १९५२ मध्ये दुकान काढले आणि पाणबुड्यांचा पोशाख सर्फिंगवाल्यांचा झाला.

पोशाखाने थंडीचा प्रश्न सुटला. पण याकुटाटला कोणत्या दिवशी जायचे हे कसे ठरवायचे? तिकीट आठवडाभर आधी काढावे लागते. इथे लाटांच्या प्रवासाचा इतिहास सुरू होतो.

वादळाच्या खाली समुद्र म्हणजे सगळ्या लांबीच्या लाटांची खिचडी असते. वादळाबाहेर पडल्यावर त्या वेगळ्या होतात, कारण खोल पाण्यात लांब लाट वेगाने धावते आणि आखूड लाट मागे पडते. नियम सोपा आहे. दोन शिखरांमधला काळ सेकंदांत मोजा. त्याला १.५६ ने गुणले की लाटेच्या शिखराचा वेग मीटर प्रति सेकंद मिळतो. त्याच काळाचा वर्ग करून १.५६ ने गुणले की लांबी मीटरमध्ये मिळते. अठरा सेकंदांच्या लाटेची लांबी सुमारे ५०५ मीटर आणि शिखराचा वेग ताशी १०१ किलोमीटर. पण ऊर्जा या वेगाने जात नाही. विहिरीत दगड टाकून निरखून पाहिले तर दिसते की वर्तुळांच्या पट्ट्यात मागच्या कडेला नव्या लाटा जन्मतात, पट्ट्यातून पुढे सरकतात आणि पुढच्या कडेला विरतात. पट्टा मात्र शिखरांच्या निम्म्याच वेगाने पसरतो. स्टोक्स, रॅले या एकोणिसाव्या शतकातल्या गणितज्ञांनी याचे गणित मांडून ठेवले होते. म्हणजे अठरा सेकंदांच्या लाटांचा समूह दिवसाला सुमारे १२०० किलोमीटर जातो. चौदा सेकंदांचा समूह जेमतेम ९४० किलोमीटर. वादळापासून दूर गेलेल्या, चाळणीतून निघाल्यासारख्या एकसारख्या झालेल्या या लाटांना शास्त्रज्ञ स्वेल म्हणतात. आपण सोयीसाठी दूरलाट म्हणू.

गणित होते, पण ते प्रत्यक्ष समुद्राला लावून पाहायची निकड दुसऱ्या महायुद्धात आली. १९४२ मध्ये अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर सैन्य उतरवण्याचा सराव चालला होता. लाटा साधारण दीड मीटरच्या वर गेल्या की उतरणाऱ्या होड्या आडव्या होऊन उलटत आणि त्या दिवसाचा सराव रद्द होई. मोरोक्कोच्या ज्या किनाऱ्यावर खरोखर उतरायचे होते, तिथे हिवाळ्यात लाटा याहून मोठ्या असतात, हे वॉल्टर मंक या पंचविशीतल्या तरुणाच्या लक्षात आले. त्याने आपले गुरू, नॉर्वेजियन समुद्रशास्त्रज्ञ हारल्ड स्वेरड्रप यांना गाठले. दोघांनी मिळून वाऱ्याचा वेग, काळ आणि धाव यांवरून लाटेची उंची आणि ती किनाऱ्यावर केव्हा पोचेल याचा अंदाज बांधायची पद्धत तयार केली आणि ती हवामान अधिकाऱ्यांना शिकवली. उंच लाटांपैकी वरच्या एक तृतीयांश लाटांची सरासरी घ्यायची ही आजही चालणारी रीत तेव्हाचीच. १९४४ च्या जूनमध्ये नॉर्मंडीवर सैन्य उतरले त्या वेळी ही पद्धत वापरात होती. इंग्लंडमध्येही याच कामासाठी टेडिंग्टनला जॉर्ज डीकन यांच्या हाताखाली एक गट बसला होता. त्या गटातल्या बार्बर आणि उर्सेल यांनी कॉर्नवॉलच्या किनाऱ्यावर नोंदलेल्या लाटांचे पृथक्करण केले आणि १९४८ मध्ये दाखवून दिले की काही लाटा थेट दक्षिण अमेरिकेच्या टोकाजवळच्या, केप हॉर्नच्या वादळातून आल्या आहेत.

मात्र दूरच्या वादळाचा समुद्र आपल्याला बसल्या जागी कळू शकतो, ही कल्पना त्याआधीच एका निराळ्या वाटेने मुंबईत येऊन गेली होती. ही गोष्ट आपल्याकडे फारशी सांगितली जात नाही, म्हणून इथे थोडा थांबतो.

कुलाबा वेधशाळेत मिल्न या ब्रिटिश भूकंपशास्त्रज्ञाच्या रचनेचे भूकंपमापक एकोणिसावे शतक संपता संपता बसले. (याच सुमारास मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून चुंबकीय नोंदींचे काम नानाभाई मूस यांनी अलिबागला हलवले. ती वेधशाळा आजही चालू आहे.) भूकंपमापकाची रेघ भूकंप नसतानाही सरळ राहत नाही. काही सेकंदांच्या आवर्तकालाची एक बारीक थरथर तिच्यात सतत असते. बहुतेक निरीक्षक तिला कटकट समजत. १९२० च्या दशकात कुलाबा आणि अलिबाग वेधशाळांचे संचालक असलेले सुधांशुकुमार बॅनर्जी यांनी त्या कटकटीकडेच लक्ष दिले. पावसाळा आला की थरथर वाढते. अरबी समुद्रात किंवा बंगालच्या उपसागरात वादळ उठले की वाढते. वादळ जमिनीवर चढले की ओसरते. म्हणजे थरथर वाऱ्याची नसून समुद्राच्या लाटांची असली पाहिजे. १९३० मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात त्यांचा विस्तृत निबंध प्रसिद्ध झाला.

अडचण अशी की लाटेचा दाब खोलवर पोचत नाही. लाटेच्या लांबीच्या निम्म्या खोलीवर तो जवळजवळ नाहीसा होतो. मग हजारो मीटर खोल तळाला हादरा बसणार कसा? बॅनर्जींनी त्यासाठी सिद्धान्त मांडले, पण समाधानकारक उत्तर मिळाले १९५० मध्ये, इंग्लंडच्या लाँग्वे-हिगिन्स यांच्याकडून. एकाच आवर्तकालाच्या दोन लाटा समोरासमोर येऊन भिडल्या की दाबाचा असा एक भाग निर्माण होतो जो खोलीबरोबर कमी होत नाही, आणि त्याचा आवर्तकाल लाटेच्या आवर्तकालाच्या निम्मा असतो. त्यामुळे समुद्रात सोळा सेकंदांची लाट असेल तर जमीन आठ सेकंदांनी थरथरते. ही थरथर शेकडो किलोमीटर आतपर्यंत येते. १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर आमच्या सोलापूर-लातूर-धाराशिव भागात भूकंपमापक हा शब्द शाळकरी मुलांच्याही तोंडी आला, पण त्या यंत्राच्या कागदावर भूकंप नसताना अरबी समुद्र लिहीत असतो, हे किती जणांना सांगितले गेले? समुद्र न पाहिलेल्या गावात समुद्राविषयी शिकवण्याचे याहून चांगले साधन मला माहीत नाही. बॅनर्जी पुढे भारतीय हवामान खात्याचे महासंचालक झाले. शालेय पुस्तकात त्यांचे नाव माझ्या पाहण्यात नाही, आणि ते असायला हवे होते असे माझे मत आहे.

युद्धानंतर मंक यांनी दूरलाटांचा पाठलाग सोडला नाही. १९५६-५७ मध्ये फ्रँक स्नॉडग्रास यांच्याबरोबर मेक्सिकोच्या ग्वादलूप बेटाजवळ समुद्रतळाशी अतिशय संवेदनशील दाबमापक ठेवून त्यांनी एक मिलिमीटर उंचीच्या आणि किलोमीटरभर लांबीच्या लाटा पकडल्या. आधी लांब लाटा आल्या, मग हळूहळू आखूड. दोहोंच्या पोचण्यातल्या अंतरावरून वादळ किती दूर असेल याचा हिशेब केला तर उत्तर आले सुमारे पंधरा हजार किलोमीटर. पॅसिफिकमध्ये त्या दिशेला एवढी जागाच नव्हती. वादळ हिंदी महासागरात झाले होते. १९६३ मध्ये मग मोठा प्रयोग झाला. न्यूझीलंडपासून सामोआ, पाल्मायरा, हवाई असे करत अलास्कापर्यंत एका ओळीत मापन केंद्रे मांडली आणि दक्षिणेच्या वादळातून निघालेल्या लाटांचा दोन-अडीच महिने पाठलाग केला. निष्कर्ष चकित करणारा होता. वादळाचा प्रदेश एकदा सोडला की लांब लाटांची ऊर्जा वाटेत जवळजवळ खर्च होत नाही. ती पसरते, म्हणून उंची घटते, इतकेच. निबंधाच्या सहा लेखकांत क्लाउस हासेलमान होते, ज्यांना २०२१ मध्ये हवामानाच्या प्रतिमानांसाठी नोबेल मिळाले. आणि त्या ओळीतले अलास्कातले शेवटचे केंद्र होते याकुटाट. आज रबरी पोशाख घालून लोक जिथे लाटांसाठी जातात, तेच. १९८० च्या दशकात कॅलिफोर्नियात सर्फिंगवाल्यांसाठी टेलिफोनवर लाटांचा अंदाज मिळू लागला. त्याच्या मुळाशी ही सगळी पोथी होती.

दूरलाट किनाऱ्यावर येते तेव्हा तिच्यावर स्वार होणे शक्य का होते, हेही पाहू. खोल समुद्रात ताशी शंभर किलोमीटरने धावणाऱ्या शिखराला हाताने वल्हवत कोण गाठणार? उथळ पाण्यात मात्र लाटेचा वेग खोलीवर ठरतो. दोन मीटर खोलीवर तो ताशी सोळा किलोमीटरच्या आसपास उतरतो. लाट मंदावते, उंच होते, तिचा उतार तीव्र होतो आणि फळी उतारावरून घसरू लागते. खोल समुद्रातल्या होडीला हा आधार नाही. तिथे लाट होडीला मागून गाठते, उचलते आणि काही क्षण उतारावर सोडून पुढे निघून जाते. त्या क्षणांत होडी फळीसारखीच घसरते. यात मौज असते आणि मरणही.

गर्जणाऱ्या चाळिशीचा उपयोग करून घेण्याची सुरुवात व्यापाऱ्यांनी केली. १६११ मध्ये हेंड्रिक ब्रौवर या डच कप्तानाने केप ऑफ गुड होपपासून सरळ ईशान्येला न जाता खाली थंड पट्ट्यात उतरून पूर्वेकडे मुसंडी मारली आणि जावाचा प्रवास जवळपास निम्म्या काळात उरकला. मात्र रेखांश मोजण्याचे साधन नसल्यामुळे उत्तरेकडे केव्हा वळायचे हे कळत नसे, आणि पुढे बटाव्हियासारखी जहाजे ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम किनाऱ्यावर आपटली. एकट्या माणसाने छोट्या होडीतून या पट्ट्याला वळसा घालण्याचे धाडस अर्जेंटिनाच्या व्हितो दुमास याने १९४२-४३ मध्ये केले. आणि १९६८-६९ मध्ये कुठेही न थांबता एकट्याने जगप्रदक्षिणा करणारा पहिला माणूस ठरला रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन. त्याची जेमतेम बत्तीस फुटांची सुहैली ही सागवानी होडी मुंबईत बांधलेली होती, कुलाब्याच्या कारखान्यात, आपल्याकडच्या सुतारांनी. थंड महासागराशी आपला संबंध असा आधी लाकडातून आला.

त्याच शर्यतीत एक जुना वाद पुढे आला. मागून प्रचंड लाटा येत असताना होडीने काय करावे? नॉक्स-जॉन्स्टन याने जाड दोर मागे सोडून होडीचा वेग रोखला, म्हणजे ती उतारावर बेफाम घसरून नाक खुपसणार नाही. फ्रान्सचा बर्नार म्वातेसिए याने आधीच्या सफरीत असेच दोर सोडले होते, पण होडी जखडल्यासारखी होते आणि लाट तिच्यावरच फुटते असे पाहून त्याने ते कापून टाकले आणि लाटेला किंचित तिरके राहून मोकळे धावणे पत्करले. एक म्हणतो रोखा, दुसरा म्हणतो घसरू द्या. दोघेही वाचले. म्हणून हा वाद अजून मिटलेला नाही. १९७९ मध्ये फास्टनेटच्या शर्यतीत पंधरा स्पर्धक बुडाल्यानंतर इंग्लंडमध्ये प्रतिकृतींवर प्रयोग झाले. फुटणारी लाट होडीच्या लांबीच्या तीस टक्के उंच असेल आणि आडवी लागली तर होडी उलटू शकते, असे आढळले. दहा मीटरच्या होडीला तीन मीटरची फुटती लाट पुरे. उंच लाटेपेक्षा फुटणारी लाट घातक, हा त्यातला महत्त्वाचा धडा.

भारतीय माणसे या पट्ट्यातून पहिल्यांदा मोठ्या संख्येने गेली ती अंटार्क्टिकाच्या मोहिमांत. पहिली मोहीम डॉ. कासिम यांच्या नेतृत्वाखाली ६ डिसेंबर १९८१ रोजी गोव्याहून निघाली आणि ९ जानेवारी १९८२ ला पोचली. १९८३ च्या तिसऱ्या मोहिमेत औंधच्या पंत घराण्यातल्या, नागपुरात जन्मलेल्या समुद्रशास्त्रज्ञ डॉ. अदिती पंत होत्या. त्या आणि भूशास्त्रज्ञ सुदीप्ता सेनगुप्ता या भारतीय मोहिमेतून अंटार्क्टिकाला गेलेल्या पहिल्या महिला. पण ही प्रवासी जहाजे मोठी होती. शिडाच्या होडीतून, वाऱ्याच्या बळावर, एकट्याने जाणे ही गोष्ट निराळी.

ती घडवून आणण्याचा ध्यास घेतला व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटी यांनी. १९७१ च्या युद्धात वीरचक्र मिळवलेले आवटी निवृत्तीनंतर फलटणजवळच्या विंचुर्णी या गावी राहत. समुद्रापासून दूर, दुष्काळी माळावर बसून त्यांनी भारतीयाने भारतीय होडीतून एकट्याने जगप्रदक्षिणा करावी असा आग्रह नौदलापुढे धरला. कमांडर दिलीप दोंदे यांनी ते आव्हान स्वीकारले. तयारीसाठी ते इंग्लंडला जाऊन नॉक्स-जॉन्स्टन यांच्या हाताखाली राहिले. होडी बांधली गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात. आराखडा डच, हात गोव्याचे. छप्पन्न फुटांच्या या होडीला मांडवीच्या मूळ नावावरून म्हादेई हे नाव दिले आणि फेब्रुवारी २००९ मध्ये ती नौदलात दाखल झाली. १९ ऑगस्ट २००९ ला दोंदे मुंबईहून निघाले. फ्रीमँटल, लिटलटन, फॉकलंडमधले पोर्ट स्टॅनली आणि केप टाउन असे चार मुक्काम करून, केप हॉर्नला वळसा घालून, मे २०१० मध्ये ते परत आले. एकट्याने जगप्रदक्षिणा करणारे ते पहिले भारतीय. त्यांचे सहायक अभिलाष टॉमी यांनी त्याच म्हादेईतून नोव्हेंबर २०१२ ते मार्च २०१३ या काळात कुठेही न थांबता प्रदक्षिणा पुरी केली.

टॉमी यांचा पुढचा अनुभव या लेखाच्या दृष्टीने अधिक बोलका आहे. २०१८ मध्ये नॉक्स-जॉन्स्टन यांच्या सफरीच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त जुन्याच साधनांनी शर्यत झाली. दांडेकरांनी त्यासाठी सुहैलीची प्रतिकृती बांधली होती, थुरिया. २१ सप्टेंबर २०१८ रोजी दक्षिण हिंदी महासागरात, सत्तर नॉट वाऱ्यात आणि चौदा मीटर लाटांत, थुरिया उलटली, डोलकाठ्या मोडल्या आणि टॉमी यांच्या पाठीच्या कण्याला जबर इजा झाली. तीन दिवसांनी ओसिरिस या फ्रेंच गस्ती जहाजाने त्यांना उचलले. वर सांगितलेला तीस टक्क्यांचा हिशेब थुरियाला लावून पाहा. अशा समुद्रात तीन मीटरची फुटती लाट क्षणोक्षणी असते. बत्तीस फुटी होडीने वाचणे यात कौशल्याइतकाच योगायोगाचा वाटा असतो, हे सुहैलीच्या विजयाचे पोवाडे गाताना विसरले जाते. टॉमी पुन्हा उभे राहिले आणि २०२३ मध्ये हीच शर्यत दुसऱ्या क्रमांकाने पुरी केली. दांडेकरांच्याच तारिणी या होडीतून नौदलातल्या सहा महिलांनी २०१७-१८ मध्ये आणि दोघींनी २०२४-२५ मध्ये याच पट्ट्यातून प्रदक्षिणा केली.

थुरियाला लोळवणाऱ्या वादळासारखी वादळे दक्षिण हिंदी महासागरात वर्षभर होतात. त्यांच्यातून निघालेल्या लाटा उत्तरेला येतात, आणि आपल्या वाटेत अडवायला एखादी बेटांची माळ सोडली तर काही नाही. केरळात ऐन उन्हाळ्यात, आभाळ निरभ्र असताना, समुद्र अचानक घरांत शिरतो. तिथले कोळी त्याला कल्लक्कडल म्हणतात, म्हणजे चोर समुद्र. मे २००५ मध्ये असा मोठा प्रसंग घडला. अभ्यासाअंती चोराचा पत्ता दक्षिण महासागरातच लागला, आणि २०१२ मध्ये युनेस्कोने हा शब्द शास्त्रीय संज्ञा म्हणून मान्य केला. हैदराबादच्या समुद्र माहिती सेवा केंद्राने २०२० पासून अशा लाटांचे अंदाज द्यायला सुरुवात केली. ४ आणि ५ मे २०२४ साठी असा इशारा केरळपासून मुंबईपर्यंत दिला गेला होता. इशारा देता येतो तो याचसाठी की चोराला यायला पाच-सात दिवस लागतात आणि त्याची चाल ठरलेली आहे.

ही चाल वर्गाला मोजता येईल. कोकणात सहल न्यायची तर शक्यतो मार्च ते मे या काळात न्यावी, पावसाळ्यात स्थानिक लाटांच्या गोंधळात काही दिसत नाही. सकाळी वारा पडलेला असताना एकाच ठिकाणी फुटणाऱ्या अकरा लाटा मोजा आणि पहिल्यापासून अकराव्यापर्यंतचा काळ घड्याळात पाहून दहाने भागा. आवर्तकाल मिळाला. दोन-तीन दिवस मुक्काम असेल तर सकाळ-संध्याकाळ मोजा. समजा आधी अठरा सेकंदांच्या लाटा आल्या आणि त्यानंतर चाळीस तासांनी आवर्तकाल चौदा सेकंदांवर उतरला. समूहाचा वेग मीटर प्रति सेकंदांत काढायला आवर्तकालाला ०.७८ ने गुणायचे: एक १४.०, दुसरा १०.९. दोन्ही वेगांचा गुणाकार त्यांच्या वजाबाकीने भागा, त्याला चाळीस तासांच्या सेकंदांनी गुणा. उत्तर सात हजार किलोमीटरच्या आसपास येते. नकाशावर रत्नागिरीपासून दक्षिणेकडे तेवढे अंतर मोजले की पेन्सिलीचे टोक सत्तेचाळीस अक्षांशांजवळ टेकते. मुलांना मिळणारे आकडे इतके सुबक असणार नाहीत. लाटांचे गट एकमेकांत मिसळतात आणि मोजताना एखादी लाट सुटते. पाच मुलांना वेगवेगळे मोजायला सांगून सरासरी घेतली तर पुष्कळ फरक पडतो.